तंगूसचं जाळं चांगलं की बांबूची टोपली?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात एका कार्यकर्त्यानं केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. गावात वाचताना मोठ्यानं वाचावं, म्हणजे न वाचणाऱ्यांनाही कळेल.)



सकाळपासून प्लॉटांचं चाललंय. जीपीएसची मोजणी, दंडाच्या पावत्या, समितीचे ठराव. ते चालूच राहणार. पण मघाशी चहाच्या वेळेला पोरांमध्ये एक वाद लागला होता आणि म्हातारी माणसं बाजूला बसून गालात हसत होती. वाद मासे धरायच्या साधनांचा. पोरं म्हणत होती, तंगूसचं जाळं आलं तेव्हा खरी मासेमारी सुरू झाली, त्याआधी नुसता वेळ घालवणं होतं. एक म्हातारे बाबा म्हणाले, तुमच्या जाळ्यानं नाल्यात मासा ठेवला का, ते आधी सांगा. मला वाटलं, माझ्या वाट्याचा अर्धा तास यावरच घालवावा. वाद दिसतो माशाचा, पण तो जाऊन पोचतो आपल्या दाव्याच्या कागदापर्यंत. कसा ते सांगतो.

आधी पोरांची बाजू घेतो, कारण ती खोटी नाही.

जुनं जाळं म्हणजे केवढं काम होतं! अंबाडी नाहीतर ताग पाण्यात भिजत घालायचा, सोलायचा, वाक काढायचा, मांडीवर वळून दोरा करायचा. मग गाठ गाठ मारत जाळं विणायचं. ते झालं की झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, नाहीतर लवकर कुजतं. रोज वापरून झालं की वाळवायचं. एक दिवस आळस केला, ओलं गुंडाळून कोपऱ्यात टाकलं, की वास मारायला लागतं. वरून उंदीर. एवढं करून ते किती टिकणार? नायलॉन कुजत नाही. वजनाला हलकं आहे. आणि तंगूसची एकेरी तार पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. सुताचा जाड दोरा बघून मासा वळतो, तंगूसला तो सरळ येऊन अडकतो. स्वच्छ पाण्यात तेवढ्याच लांबीच्या सुती जाळ्यापेक्षा दुपटी-तिपटीनं मासा मिळतो. हे ज्यानं दोन्ही वापरलंय त्याला मी सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट धरणाची. १९७२ साली उकाई धरण झालं आणि तापीचं पाणी मागं नवापूर-नंदुरबारकडच्या गावांत चढलं. त्या वेळी सगळा एकच धुळे जिल्हा होता. भुसावळकडं हातनूर झालं, शिरपूरकडं अनेर, साक्रीकडं मालनगाव, लाटीपाडा. गुडघाभर पाण्याच्या नाल्यात मासे धरणाऱ्या माणसापुढं एकदम समुद्रासारखं पाणी आलं. त्या खोल पाण्यात बांबूची टोपली टाकून काय होणार? तिथं नाव पाहिजे आणि लांब जाळं पाहिजे. जमीन बुडालेल्या माणसानं नायलॉनचं जाळं घेतलं तर तो काही रीत सोडून गेला असं मी म्हणणार नाही. रीत आधी पाण्याखाली गेली होती.

म्हणजे पोरं जिंकली? थांबा.

नवं नवं आपण म्हणतो, त्यात नवं नेमकं काय आहे ते बघू. धागा नवा आहे. बाकी? १९१३ साली तिकडं फिनलंड देशात (तो भाग आता रशियात आहे) कुरणात चर खोदताना एक जाळं सापडलं. विलोच्या सालीच्या वाकाचं. वर तरंगायला पाईनच्या सालीचे तुकडे, खाली वजनाला दगड. वय साधारण दहा हजार वर्षं. आता तुमच्या घरी खुंटीला टांगलेलं जाळं आठवा. वर प्लास्टिकचे नाहीतर थर्माकोलचे तरंग, खाली शिशाचे मणी नाहीतर दगडच. बनावट तीच की नाही? आपल्या जवळचं सांगायचं तर नर्मदेकाठी महेश्वरच्या समोर नावडातोडी म्हणून जागा आहे. तिथं संकलिया साहेबांच्या माणसांनी १९५०च्या दशकात खोदकाम केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांच्या आसपासच्या वस्तीत तांब्याचे गळ मिळाले. सातपुडा ओलांडला की तेच पाणी. बाजारात आज पाकिटात मिळतो तो गळ लोखंडाचा आहे, चकचकीत आहे, पण वाकडा तसाच आहे.

उलटंही झालंय. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक पूर्वीपासून शिंपल्याचा, हाडाचा गोल गळ वापरायचे. टोक आत वळलेलं. बघणाऱ्याला वाटावं, यात मासा अडकेल कसा? पण तो जबड्याच्या कोपऱ्यात बरोबर बसतो, पोटात जात नाही. मोठ्या कंपन्यांच्या बोटी सरळ टोकाचा गळ वापरत राहिल्या आणि त्यांच्या दोऱ्यांना समुद्री कासवं अडकून मरायला लागली. शेवटी अमेरिकेच्या सरकारनं २००४ साली अटलांटिक समुद्रातल्या लांब दोरीच्या बोटींना गोल गळ सक्तीचा केला. आता तोच गळ दुकानात ‘सुधारित’ म्हणून विकला जातो. हसू नका, हेच आपल्या बियाण्यांचंही होणार आहे.

आता आपल्या टोपलीकडं येतो. हिला भिलोरीत एक नाव, पावरीत दुसरं, मावचीत तिसरं. मी नुसती टोपली म्हणतो, ज्यानं त्यानं आपलं नाव मनात घ्यावं. बांबूच्या काड्यांची, तोंडाला रुंद, शेपटाला निमुळती. तोंडाच्या आत दुसरं छोटं तोंड, काड्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली. मासा आत जाताना काड्या बाजूला होतात, परत फिरताना त्याच टोकं रोखून उभ्या. शेपटाची गाठ सोडली की मासा जिवंत बाहेर. लहान पिल्लू दोन काड्यांच्या फटीतून आपलं आपण निघून जातं. अंडी भरलेली मादी हाताला लागली तर सोडता येते, कारण ती मेलेली नसते. तंगूसला अडकलेला मासा सकाळी काढायला जाता तेव्हा बहुतेक मेलेलाच असतो. तो सोडायचा म्हटलं तरी काय सोडणार?

ही टोपली कुठं लावतात? कुठंही नाही. हे मला आज मुद्दाम बोलायचंय, नीट ऐका. नाल्यात दगडांची आडवी रांग रचायची, दोन्ही बाजूंनी तिरपी, मधे एक वाट ठेवायची, त्या वाटेत टोपलीचं तोंड. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जातात तेव्हा त्यांना जाऊ द्यायचं, अंडी घालू द्यायची. पाऊस ओसरताना, पाणी उतरताना, वरून खाली येणारा मासा धरायचा. म्हणजे जागा ठरलेली, महिना ठरलेला. कुठल्या वळणावर पाणी किती जोरात येतं, कुठल्या डोहात मरळ राहते, कुठल्या दगडाखाली वांब आणि खेकडा, हे ज्याला माहीत त्यालाच टोपली लावता येते. आणि ती दगडांची रांग? दर वर्षी त्याच जागी. पुरानं दोन दगड हलवले तर तेच दगड परत उचलून ठेवायचे. अशा जागेला नाव असतं. कुणाच्या घरानं तिथं लावायची हेही पाड्यात ठरलेलं असतं.

तंगूसच्या जाळ्याला अशी जागा नसते. बाजारातून आणलं, पिशवीत घातलं, सायकलला अडकवलं, ज्या पाण्यात टाकावं तिथं मासा देतं. पाण्याची ओळख लागत नाही. सोय तीच आहे आणि पेच पण तोच आहे. तुम्हाला पाण्याची ओळख लागत नाही तशी बाहेरून येणाऱ्यालाही लागत नाही. टोपली लावायला परका माणूस आपल्या नाल्यात येऊन उभा राहिला तर त्याला काही कळणार नाही. जाळं घेऊन आला तर एका रात्रीत डोह उपसून नेईल.

आणखी एक. सुती जाळं तुटून पाण्यात राहिलं तर काही महिन्यांत कुजायचं, विषय संपला. नायलॉनचा तुकडा राहिला की तो कुजत नाही. धरणात बुडालेल्या जंगलाचे खुंट आहेत, जाळी त्यांना अडकतात, ओढताना फाटतात, तुकडा खालीच राहतो. मालक घरी गेला तरी तुकडा मासे धरत राहतो. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. कुणाच्या ताटात पडत नाही.

आता डोळ्याचं. जाळ्याचा डोळा म्हणतो आपण, सरकारी कागदात त्याला ‘आस’ लिहितात. डोळा मोठा असेल तर मोठा मासा अडकतो, लहान निघून जातो. चांगलं मोठ्या डोळ्याचं नायलॉनचं जाळं टोपलीइतकंच शहाणं असतं, हे मी मान्य करतो. गडबड होते ती डोळा लहान होत जातो तेव्हा. मासा कमी झाला, म्हणून आणखी बारीक जाळं आणायचं. त्यानं पिल्लं निघाली, पुढच्या वर्षी मासा आणखी कमी, म्हणून आणखी बारीक. शेवटी मच्छरदाणी. मच्छरदाणी घेऊन नाल्यात उतरलेली पोरं मी पाहिलीत, तुम्हीही पाहिलीत. सरकार धरणात बोटुकली सोडतं, बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू, आणि आपण बोट जाणार नाही असलं जाळं लावून ती काढतो. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. म्हणजे धरणात गेलेली बोटुकली पुन्हा पैसे घालूनच येणार.

जुनं सगळंच चांगलं होतं असंही मी म्हणत नाही. उन्हाळ्यात डोह आटला की गेळाची फळं, हिंगणबेट, कुंभ्याची साल कुटून टाकायची, मासा गुंगून वर यायचा. अख्खा पाडा जमायचा, सण व्हायचा, हे खरं. पण त्यात पिल्लंही मरायची, हेही खरं. इंग्रजांनी १८९७ साली मासेमारीचा कायदा केला, त्यात सुरुंग आणि विष शेजारशेजारच्या दोन कलमांत बंद केले. गावानं वर्षातून एकदा ठरवून कुटलेली साल आणि ठेकेदारानं फोडलेला सुरुंग, दोघांना एका दावणीला बांधलं, हा त्यांचा न्याय. पण म्हणून ती रीत परत आणा असं मी सांगणार नाही. आणि आज काही ठिकाणी कपाशीवर मारायचं औषध डोहात ओतलं जातं, त्याला तर रीत म्हणूच नका. त्याच डोहावर ढोरं पाणी पितात, त्याच डोहातून बाया हंडा भरतात. आपल्या गावात कुणी करत असेल तर तो आपला माणूस आहे म्हणून गप्प बसू नका.

बायांचं नाव निघालं तर तेही बोलून घेतो. नाल्यातली मासेमारी ही पुष्कळशी बायांची आणि पोरांची. झिंगे, खेकडे, बारीक मासे टोपलीनं, लुगड्याच्या पदरानं, नुसत्या हातानं धरायचे. संध्याकाळच्या कालवणाची सोय. उरलेले वाळवून पावसाळ्याला ठेवायचे. नाव आणि लांब जाळं आलं की काम पुरुषाकडं गेलं, मासा बाजाराकडं गेला, आणि सोसायटीच्या यादीत नावं लागली ती पुरुषांची. घरात पैसा आला असेल, पण बाईच्या हातातलं साधन गेलं. चांगलं-वाईट मोजताना हे कुणी मोजत नाही.

आणि पैसा तरी किती आला? एका धरणावर मी पाहिलं, नाव घेत नाही. जाळं ठेकेदाराचं, उचलीवर दिलेलं. मासा त्यालाच द्यायचा, भाव त्याचा, वजनकाटा त्याचा. जाळं फाटलं की नवी उचल. आपण आपल्याच बुडालेल्या शेतावर त्याचे मजूर. तिथं जाळं चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, जाळं त्याचं आहे.

आता याच्या उलटं उदाहरण सांगतो. मध्य प्रदेशात होशंगाबादकडं तवा धरण. ४०च्या वर गावं उठवली, बहुतेक आदिवासी. ठेका बाहेरच्यांचा, आपले लोक मजूर. ते लढले, आणि १९९६ साली धरणातली मासेमारी त्यांच्या तवा मत्स्य संघाच्या हातात आली. जाळी त्यांचीही नायलॉनचीच होती बरं का. पण पावसाळ्यात अंड्यांच्या दिवसांत बंदी पाळायची, बीज सोडायचं, चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवायचा, हे सगळं त्यांनी स्वतः केलं. १९९८-९९ सालात ३०० टनांच्या वर मासा काढला, आधीच्या महामंडळाच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. दहा वर्षं चाललं. २००६च्या शेवटी मुदत संपली ती सरकारनं वाढवून दिली नाही. कारण त्यांच्या हातात ठेका होता, हक्क नव्हता. ठेका सरकार देतं आणि सरकारच काढून घेतं.

त्याच वर्षी, २००६ साली, आपला वनहक्क कायदा झाला. त्यात काय लिहिलंय? कलम ३, पोटकलम १, त्यातला चौथा मुद्दा. सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांतली इतर उत्पादनं असं शब्दानं लिहिलंय. सामूहिक दाव्याचा नमुना ‘ब’ काढा. निस्तार आहे, गौण वनउपज आहे, आणि त्याखाली मासे, पाणवठे यांची वेगळी ओळ आहे. परवा मी काही गावांच्या दाव्यांच्या प्रती चाळल्या. तेंदू लिहिलाय, मोह लिहिलाय, डिंक, चारोळी, चराई. माशाच्या ओळीत रेघ मारलेली. रेघ! ज्या गावात पावसाळ्यात घरटी मासा शिजतो त्या गावानं लिहून दिलं की आम्हाला माशाचा हक्क नको.

मी विचारलं तर म्हणतात, पुरावा कुठंय? पुरावा नाल्यात पडलाय. १ जानेवारी २००८ला या कायद्याचे नियम निघाले, त्यातला १३वा नियम वाचा. सामूहिक वनसंपत्तीच्या पुराव्यांत मासेमारीच्या जागा असं स्पष्ट आहे. गावानं बांधलेल्या बांधकामांचे अवशेष आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा आहे. म्हणजे ती दगडांची तिरपी रांग, जिथं आजोबा टोपली लावायचे, ती नुसते दगड नाहीत. तो अवशेष आहे, तिला नाव आहे, आणि ते नाव सांगणारा म्हातारा अजून बसलाय इथं. तंगूसच्या जाळ्याचा असा पुरावा होत नाही. ते कालही कुठं होतं आणि आजही कुठं आहे, कुणाला दाखवणार? साहेब म्हणेल, हे तर बाजारातलं आहे, हे पारंपरिक कसलं? टोपली मोडकी असली तरी तिच्याबद्दल असं म्हणता येत नाही.

आणि यावल अभयारण्यातल्या, अनेर धरण अभयारण्यातल्या गावांनी असं समजू नये की आपल्याला हे लागू नाही. या कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात. तसंच टोपलीसाठी बांबू तोडला म्हणून गार्डानं अडवलं तर सांगा, या कायद्यात बांबू गौण वनउपज आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं २०११ साली स्वतःच्या वाहतूक पासवर बांबू विकलाय.

मग हक्क मिळाला की काय करायचं? कुठलं जाळं वापरायचं ते मी सांगणार नाही, ते ग्रामसभेनं ठरवायचं. कलम ५ प्रमाणं ग्रामसभेला तो अधिकार आहे. सुताचं जाळं आपोआप कुजून थांबायचं, टोपली महिना संपला की थांबायची. नायलॉन आपणहून थांबत नाही, त्याला थांबवायला ठराव लागतो. धरणावर नायलॉन वापरा, पण डोळा किती ते ठरवा, अंड्यांचे दिवस बंद ठेवा, फाटका तुकडा पाण्यात न टाकता घरी आणा. नाल्यात मात्र माझं मत विचाराल तर बारीक जाळं नको, टोपली बरी. एकदोन डोह असे ठेवा की उन्हाळ्यात तिथं कुणीच हात घालायचा नाही, बीज तिथंच राहतं. हे काही मी पुस्तकातून आणलेलं नाही, देवाचा डोह म्हणून कित्येक गावं असं करत आलीत.

तर काम असं. दावा अजून वर गेला नसेल त्या गावांनी माशाची ओळ रिकामी सोडायची नाही. गेला असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन ती ओळ भरून पुरवणी द्यायची, आणि दिल्याची पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्याआधी समितीतल्या दोघांनी, त्यात एक बाई पाहिजे, गावातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन नाला खालपासून वरपर्यंत चालायचा. प्रत्येक डोहाचं नाव लिहायचं. दगडांची रांग दिसली तिथं जीपीएसची नोंद घ्यायची, नसेल तर खुणेचं झाड लिहायचं. कुठल्या महिन्यात काय मिळायचं, कोण धरायचं, कशानं धरायचं, ते म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून खाली अंगठा घ्यायचा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून जबाब आणि जागेची नोंद दोन्ही पाहिजेत.

पुढच्या बैठकीला हे कागद घेऊन या. आणि ज्याच्या घरात माळ्यावर जुनी टोपली पडली असेल त्यानं ती बरोबर आणावी. तोंड तुटलेलं असलं तरी चालेल, विणणारे तिघं-चौघं अजून आपल्यात आहेत.